उसने गुप्तहेर आणि मराठी वाचक

नोव्हेंबर २०२१ मध्ये गुरुनाथ नाईक गेले. पुढच्याच महिन्यात नाशिकला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याचे अध्यक्षपद जयंत नारळीकरांकडे होते. प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष उपस्थित राहू शकले नाहीत. तरीही एका विज्ञानकथाकाराला हा मान मिळाला याचे सर्वत्र स्वागत झाले आणि ते योग्यच होते. हजाराहून अधिक रहस्यकादंबऱ्या लिहिणाऱ्या नाईकांच्या वाट्याला वृत्तपत्रांतल्या बातम्या आल्या. वाङ्मयीन नियतकालिकांत त्यांच्या लेखनाचा गंभीर परामर्श घेणारा लेख आमच्या तरी पाहण्यात आला नाही. दोन घटनांत महिन्याभराचे अंतर आहे, पण मराठी समीक्षेच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या जगांतल्या आहेत. हे अंतर कसे पडले, याचा थोडा ऐतिहासिक विचार येथे करावयाचा आहे.

नारळीकरांची पहिली विज्ञानकथा 'कृष्णविवर' १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत आली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते; परीक्षकांवर नावाचे दडपण येऊ नये हा हेतू. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या संमेलनात अध्यक्षस्थानावरून बोलताना दुर्गाबाई भागवतांनी या नव्या प्रवाहाची दखल घेतली. ज्या विधेला तोवर 'नवल', 'धनंजय' यांसारख्या अंकांचा आसरा होता, जिच्यासाठी भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणण्याचे कष्ट उपसले होते, तिला एकाएकी दिवाणखान्यात बसायला जागा मिळाली.

ही जागा कथेच्या गुणांवर मिळाली असे म्हणायला आम्हांला आवडले असते. टोपणनावाचा प्रसंग तसे सुचवतोही. पण पारितोषिक टोपणनावाला मिळाले आणि प्रतिष्ठा खऱ्या नावाला, हे विसरता येत नाही. शिवाय नारळीकर स्वतः विज्ञानप्रसार हा आपला हेतू असल्याचे मोकळेपणाने सांगत आले. म्हणजे कल्पिताला प्रवेश मिळाला तो उपयुक्ततेच्या हमीवर. ही हमी मराठी कादंबरी जन्मापासून देत आली आहे. 'यमुनापर्यटन' १८५७ चे, 'मुक्तामाला' १८६१ ची. पहिलीत विधवांच्या दुःस्थितीचा प्रश्न आहे, दुसरीत संकटांची मालिका आणि योगायोगांची रेलचेल. पण लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांनाही सज्जनांचा जय आणि दुर्जनांचा क्षय दाखवावाच लागला. नुसते रमवणे पुरेसे नव्हते. नेमाड्यांनी 'मोचनगड'सह या तीन कादंबऱ्यांपासून मराठी कादंबरीच्या तीन वाटा मोजल्या, हे आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असते. त्यांतली रंजनाची वाट पुढे कुठे गेली, हे मात्र वर्गात फारसे कोणी विचारत नाही.

ती गेली भाडोत्री वाचनालयांत. आम्ही सोलापूरचे, म्हणून सोलापूरपुरते बोलतो. १८७७ साली येथे सुरू झालेल्या कापडगिरणीला लोक जुनी गिरणीच म्हणत. तिच्यामागून इतर गिरण्या उभ्या राहिल्या आणि भोंग्यावर चालणारे एक कामगारांचे शहर घडले. पाळी सुटल्यावर वाचावयाचे पुस्तक हातात मावणारे, एका बैठकीत संपणारे आणि दिवसाला काही पैसे भाड्याने मिळणारे असले पाहिजे. रहस्यकथेचा आकार असा ठरला. त्यामागे सौंदर्यशास्त्र नव्हते, वेळापत्रक होते. गल्लीतल्या वाचनालयातली ही पुस्तके दोऱ्याने शिवलेली, कडांना मळकट, आणि पहिल्याच पानावर कुणा दुष्टाने पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवलेली असत. (ते नाव बहुधा खोटे असे. हा त्या वाचकाचा स्वतःचा रहस्यनिर्मितीचा प्रयत्न मानावा.)

सोलापूरचे दुसरे वैशिष्ट्य असे की या शहराच्या बाजारात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा कानी पडतात. आणि या चारही भाषांत विसाव्या शतकात आपापले गुप्तहेर अवतरले. मराठीत बाबूराव अर्णाळकरांचे झुंझार, काळापहाड आणि धनंजय-छोटू, उर्दूत १९५२ पासून इब्ने सफींची 'जासूसी दुनिया', तेलुगूत कोम्मूरि सांबशिवरावांचा युगंधर, कन्नडात एन. नरसिंहय्यांचा पुरुषोत्तम. चौघांचीही निर्मिती प्रचंड, चौघांचाही वाचक साधा, आणि प्रतिष्ठित समीक्षेने चौघांनाही दीर्घकाळ उंबऱ्याबाहेर ठेवलेले. तौलनिक साहित्याभ्यासासाठी याहून आयता विषय कोणता असेल? सोलापूरला २००४ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. येथे शिकणाऱ्या मुलामुलींपैकी अनेकांना या चारांपैकी दोन भाषा घरातूनच येतात. मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांना हेवा वाटावा अशी ही सोय आहे.

रहस्यकथेवरचा नेहमीचा आक्षेप उसनवारीचा. तो तथ्य म्हणून खरा आहे. गो. ना. दातारांनी जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्सचे कथानक उचलून 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवनगुहा' यांसारख्या कादंबऱ्या रचल्या. झुंझारसारख्या, कायद्याबाहेर राहून सज्जनांना मदत करणाऱ्या नायकाचे पूर्वज हॉर्नंगचा रॅफल्स (१८९९) आणि लब्लांचा आर्सेन ल्युपँ (१९०५) यांच्यात सहज सापडतात. नारायण धारपांच्या 'लुचाई'मागे स्टीफन किंगची 'सेलम्स लॉट' आहे आणि 'शपथ'मागे 'इट'. मूळ लेखकाचा ऋणनिर्देश हा प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे आणि त्यात सवलत देण्याचे कारण नाही. पण ऋण सिद्ध झाले की समीक्षा संपली, असे आपल्याकडे मानले जाते. आमच्या मते ती तेथून सुरू व्हावयास हवी. इंग्रजी नाटकांची रूपांतरे करणाऱ्या देवलांच्या बाबतीत आपण काय बदलले ते विचारतो. धारपांच्या बाबतीत तोच प्रश्न का विचारू नये?

तो विचारला तर पुष्कळ हाती लागते. किंगच्या भयकथेत अनिष्टाशी झुंजणाऱ्या माणसांच्या हाती ख्रिस्ती श्रद्धेची चिन्हे असतात आणि त्या श्रद्धेचा क्षीण होत गेलेला अधिकार हाच कथेतला खरा ताण असतो. धारपांना मराठी घरात हा ताण तसाच आणता येईना. आपल्याकडे श्रद्धा संस्थेत नसून देव्हाऱ्यात, आजीच्या स्तोत्रात, कुणा सत्पुरुषावरच्या विश्वासात पसरलेली. म्हणून त्यांनी आपल्या कथामालेसाठी 'समर्थ' घडवला. हे नाव मराठी कानाला रामदासांशिवाय ऐकूच येत नाही. तो मांत्रिक नाही, तपासनीस नाही, संन्यासीही नाही. शांतपणे येऊन बसणारा आणि धीर देणारा वडीलधारा आहे. यामुळे धारपांच्या कथेतले भय वाढते की कमी होते? आमचे मत असे की कमी होते. समर्थ आला की वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो. भयकथेच्या कसोटीवर हा दोष आहे. मध्यमवर्गीय मराठी मनाचा दस्तऐवज म्हणून पाहिले तर तीच तिची मोलाची बाजू. समर्थ ज्या कथांत नाही, त्या धारपांच्या कथा अधिक काळ अंगावर राहतात, असा आमचा अनुभव आहे.

गुप्तहेराचेही तसेच. अर्णाळकरांच्या काळात नायक कायद्याच्या कडेकडेने चालतो. राज्य परक्याचे असताना पोलिसांना चकवणारा माणूस प्रिय होणे समजण्यासारखे आहे. गुरुनाथ नाईकांकडे येईतो दोन युद्धे होऊन गेलेली असतात आणि नायक कॅप्टन दीप होतो, लष्करी गणवेशातला. सुहास शिरवळकरांकडे बॅरिस्टर अमर विश्वास न्यायालयात उभा राहतो आणि त्याच लेखकाचा दारा बुलंद न्यायालयाकडे पाठ फिरवतो. एकाच लेखणीतून हे दोघे निघावेत, यात सत्तर-ऐंशीच्या दशकांतली संस्थांविषयीची द्विधा जशी दिसते, तशी त्या काळच्या पुष्कळशा गंभीर कादंबऱ्यांत दिसत नाही. 'दुनियादारी' गाजली म्हणून शिरवळकरांना आज थोडी जागा मिळते. त्यांच्या रहस्यकथांना मात्र नाही.

अलीकडे वारे बदलले आहे. २०१८ मध्ये धारपांच्या 'ग्रहण'वर दूरदर्शन मालिका झाली. त्याच वर्षी 'तुंबाड' चित्रपट आला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना त्याचे बीज धारपांच्या एका कथेतून, तीही मित्राने नागझिऱ्याच्या जंगलात तोंडी सांगितलेली ऐकून, मिळाले. (याच अरण्यपट्ट्यात नोकरीची वर्षे घालवलेले मारुती चितमपल्ली हे सोलापूरचे सुपुत्र, आणि २००६ च्या सोलापूर संमेलनाचे अध्यक्ष.) २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक चालला. हृषीकेश गुप्ते यांच्या 'दंशकाल'सारख्या कादंबरीत भयकथेची साधने कुटुंबकथेच्या सेवेला लावलेली दिसतात आणि ती गंभीरपणे वाचली गेली, हे चांगले झाले. तरी एक खटकते. भयाला आणि विज्ञानाला अशी बढती मिळत असताना शुद्ध तपासकथा मागेच राहिली आहे. अलीकडच्या ज्या मराठी रहस्यकादंबऱ्या आम्ही वाचल्या, त्यांतल्या बहुतेकींत तपासाची भाषा परदेशी मालिकांची आहे आणि शहर केवळ नावापुरते. पूर्वीच्यांनी कथानक उसने घेतले पण माणसे इथली ठेवली. आताचे कथानक स्वतःचे रचतात आणि वातावरण उसने आणतात.

रहस्यकथा ही स्थानाच्या ज्ञानावर जगते. सोलापूरच्या पूर्व भागात घराघरांत यंत्रमाग चालतात. तेथे राहणाऱ्याला खटखटीने झोप येते आणि ती थांबली की जाग येते. शेरलॉक होम्सच्या एका कथेत न भुंकलेला कुत्रा हा धागा ठरतो, हे सर्वांना ठाऊक आहे. रात्री अडीच वाजता थांबलेला माग आमच्या वाचनात अजून यायचा आहे. नारळीकरांच्या 'वामन परत न आला'मध्ये जमिनीखाली सापडलेल्या वस्तूचा अर्थ लावत लावत शास्त्रज्ञ संकटापर्यंत पोहोचतात; ती रचना खऱ्या अर्थाने तपासकथेची आहे आणि तिचे शीर्षक या मातीतल्या पुराणाशी बोलते. विज्ञानकथेला जे जमले ते तिच्या सख्ख्या बहिणीला जमू नये असे काही नाही.

परंतु या सगळ्या चर्चेला आधार हवा तो पुस्तकांचा, आणि तीच नाहीशी होत आहेत. अर्णाळकरांनी नेमकी किती पुस्तके लिहिली याचे आकडे हजारापासून चौदाशेच्या पुढेपर्यंत बदलतात. ज्या लेखकाची साधी संख्या निश्चित नाही, त्याच्यावर प्रबंध कसा लिहावा? हलक्या कागदावर छापलेल्या या प्रती पन्नास वर्षांत पिवळ्या पडून तुटतात. वाचनालये त्यांना जीर्ण म्हणून बाद करतात आणि बाद झालेली पुस्तके रद्दीच्या तराजूत जातात. शंकर गणेश दाते यांनी एकट्याच्या चिकाटीने मराठी ग्रंथांची सूची केली, १९४३ आणि १९६१ मध्ये तिचे खंड निघाले. तसा कुणी एखादा रहस्यकथेपुरता निघेल याची वाट पाहण्याइतका अवधी आता उरलेला नाही.

तेव्हा आमची शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना एक छोटी विनंती. आपल्या गावातल्या, गल्लीतल्या जुन्या वाचनालयात अशी पुस्तके असतील तर ती रद्दीत जाण्याआधी एका वहीत नोंदवावीत: शीर्षक, लेखक, प्रकाशक, साल छापलेले असल्यास साल, किंमत, आणि आतल्या कव्हरवरचे परतीच्या तारखांचे शिक्के. शेवटची पाने फाटलेली असतील तर तेही लिहावे. आणि पहिल्या पानावर पेन्सिलीने कुणी खुन्याचे नाव लिहिले असेल तर ते पुसू नये.