कुटुंबासह शहरात मुक्काम : हॉटेलचे ठिकाण कसे निवडावे?

यवतमाळ जिल्ह्यातील सामान्य कुटुंबाला शहरात दोन-तीन दिवस मुक्काम करण्याचा योग वर्षातून एखाद्या वेळीच येतो. कापसाचे पैसे हाती आल्यावर, दिवाळीच्या सुटीत, किंवा विदर्भातील शाळा उशिरा उघडतात म्हणून लांबलेल्या उन्हाळी सुटीत घरातील सर्व जण निघतात. आजी-आजोबा, आई-वडील आणि मुले एकत्र बाहेर पडण्याची ती दुर्मीळ संधी असते. अशा वेळी खोलीचे भाडे, दूरचित्रवाणी, न्याहारी यांची चौकशी बारकाईने होते. हॉटेल नेमके कोठे आहे, हा प्रश्न मात्र 'स्टेशनजवळ आहे' एवढ्या उत्तरावर सोडून दिला जातो. सहल सुखाची होणार की दमछाकीची, हे बहुतेक वेळा याच प्रश्नावर ठरते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही ठिकाणाच्या निवडीचाच विचार करीत आहोत.

उदाहरणासाठी आम्ही नागपूर शहर घेतले आहे. उमरखेड, पुसदकडील वाचकांना नांदेड आणि नेर, दारव्ह्याकडील वाचकांना अमरावती अधिक सोयीची असेल. तथापि यवतमाळपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर असलेले नागपूर हे जिल्ह्यातील बहुसंख्य कुटुंबांच्या परिचयाचे मोठे शहर आहे. येथे सांगितलेली रीत मुंबई, पुणे वा हैदराबाद येथेही तितकीच उपयोगी पडेल.

आपला शून्य मैल कोणता?

नागपुरात विधानभवनाजवळ शून्य मैलाचा प्रसिद्ध स्तंभ आहे. इंग्रजी अमदानीत अंतरे मोजण्यासाठी तो उभारण्यात आला. हॉटेलांच्या जाहिरातीही अशीच एखादी खूण धरून अंतर सांगतात : स्थानकापासून पाच मिनिटे, विमानतळापासून दहा मिनिटे, बाजारपेठेच्या मध्यभागी. परंतु आपल्या कुटुंबाला विमानतळावर जायचेच नसेल तर त्या अंतराचा उपयोग काय? प्रत्येक कुटुंबाने आपला शून्य मैल आपणच ठरविला पाहिजे.

त्यासाठी एक कागद घ्यावा. त्यावर दोन-तीन दिवसांत जेथे जायचे ती ठिकाणे लिहावीत आणि प्रत्येकापुढे दिवसाची वेळ लिहावी. नागपूरचेच पाहू. मध्यवर्ती संग्रहालय म्हणजे अजब बंगला, महाराजबाग प्राणिसंग्रहालय, गांधीसागर तलावाजवळचे रमण विज्ञान केंद्र, सीताबर्डीची बाजारपेठ आणि दीक्षाभूमी ही ठिकाणे सीताबर्डीपासून थोडक्या अंतरावर आहेत. रविवारी उपासनेला जाणाऱ्या आमच्या वाचकांसाठी संत फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल सदर भागात आहे. याउलट २६ जानेवारी २०२१ रोजी खुले झालेले गोरेवाडा येथील आंतरराष्ट्रीय प्राणी उद्यान शहराच्या वायव्येस, बरेच बाहेर आहे. ज्या भागात सर्वाधिक खुणा एकत्र येतात तो आपला शून्य मैल. एका दूरच्या ठिकाणासाठी मुक्काम तिकडे हलवू नये. त्या एका दिवसाचे वाहन करावे.

अंतर कोणाच्या पावलांनी मोजावे?

नकाशावरील एक किलोमीटर सर्वांना सारखा नसतो. धडधाकट माणूस तो बारा मिनिटांत चालतो. गुडघे दुखणाऱ्या आजींना त्याला अर्धा तास लागतो आणि चार वर्षांचे मूल मध्येच कडेवर घ्यावे लागते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा दुपारी तोच किलोमीटर कोणालाही झेपत नाही. म्हणून आमचे सांगणे असे की, अंतर घरातील सर्वांत अशक्त व्यक्तीच्या पावलांनी मोजावे.

सहलीत आजी खोलीत एकट्या बसून राहिल्याचे दृश्य आपण अनेक कुटुंबांत पाहतो. 'त्यांना झेपत नाही' असे आपण म्हणतो. परंतु हॉटेल दूर असले की सकाळी निघाल्यावर थेट रात्रीच परतावे लागते, आणि असा सलग बारा तासांचा दिवस त्यांना झेपत नाही. हॉटेल जवळ असेल तर त्या सकाळी दोन तास सर्वांबरोबर येतील, दुपारी परत येऊन पडतील आणि संध्याकाळी पुन्हा तयार होतील. दुपारी खोलीवर परतता येणे, ही चांगल्या ठिकाणाची खरी कसोटी होय. लहान मुले, गर्भवती स्त्रिया आणि वेळेवर औषध घेणारे रुग्ण यांनाही हाच नियम लागू पडतो.

स्वस्त खोलीचा हिशेब

लांबची खोली स्वस्त असते, म्हणून ती घ्यावी, असा विचार स्वाभाविक आहे. तो करण्यापूर्वी पूर्ण हिशेब मांडावा. नमुन्यादाखल पाच जणांचे कुटुंब, दोन खोल्या आणि दोन रात्री धरू. मध्यवर्ती भागातील खोली १,५०० रुपये आणि शहराबाहेरील खोली १,१०० रुपये असेल, तर भाड्यात एकूण १,६०० रुपये वाचतात. आता येण्याजाण्याचा खर्च पाहू. ऑटोरिक्षात परवान्यानुसार तीनच प्रवासी बसतात. म्हणजे पाच जणांना प्रत्येक वेळी दोन रिक्षा लागणार. सकाळी जाणे, दुपारी परतणे, संध्याकाळी पुन्हा जाणे आणि रात्री येणे अशा चार फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक रिक्षाला १३० रुपये पडले, तर दिवसाला १,०४० आणि दोन दिवसांना २,०८० रुपये झाले. मध्यवर्ती हॉटेलातून हाच खर्च दिवसाला २०० प्रमाणे ४०० रुपये धरला, तरी फरक १,६८० रुपयांचा पडतो. वाचलेले सर्व पैसे गेले आणि दररोजचे दोन तास रस्त्यावर गेले, ते वेगळेच. आपल्या शहरातील प्रत्यक्ष दर घालून हा हिशेब प्रत्येकाने करून पाहावा. ज्यांचे स्वतःचे वाहन आहे त्यांच्यासाठी आकडे बदलतील. पण त्यांनी हॉटेलच्या आवारात वाहन उभे करण्याची जागा आहे की रस्त्यावर, हे आधी विचारावे.

भाड्यावर कर किती, हेही विचारावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपये वा त्याहून कमी भाडे असलेल्या खोलीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे. पूर्वी तो १२ टक्के होता. सांगितलेल्या भाड्यात तो धरला आहे की वेगळा, आणि जादा गादीचे किती, याचे उत्तर फोनवरच घ्यावे.

नागपुरातील निरनिराळे भाग

राज्य परिवहन महामंडळाच्या बसमध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य आणि महिलांना मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो. त्यामुळे आपल्याकडील अनेक कुटुंबे एसटीनेच येतात. वर्ध्याहून येणारी गाडी बुटीबोरी, खापरी, अजनी या वर्धा मार्गाने शहरात शिरते आणि गणेशपेठ येथील मध्यवर्ती बसस्थानकावर थांबते.

गणेशपेठ आणि कॉटन मार्केट परिसरात लॉज पुष्कळ आहेत. रात्री उशिरा पोहोचून पहाटे पुढे निघणाऱ्यांना हा भाग सोयीचा आहे. मात्र येथे रहदारी आणि बाजाराची वर्दळ पहाटेपासून असते. रस्त्याकडील खोलीऐवजी आतील खोली मागावी.

सीताबर्डी हा सर्वांत मध्यवर्ती भाग. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका येथे एकत्र येतात. खरेदी, खाणावळी, औषधांची दुकाने सर्व हाताशी असते. गर्दीही तितकीच असते.

धंतोली आणि रामदासपेठ हे सीताबर्डीला लागून असलेले भाग तुलनेने शांत आहेत. येथे रुग्णालये बरीच असल्याने, सहलीबरोबरच घरातील कोणाची तपासणी करून घ्यायची असेल तर येथे राहणे हिताचे. परंतु रुग्णालयाचे नाव आधी पाहावे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मेडिकल चौकात आहे, मेयो रुग्णालय रेल्वेस्थानकाच्या बाजूस आहे, तर एम्स मिहान परिसरात शहराबाहेर आहे. तिघांसाठी एकच हॉटेल सोयीचे असू शकत नाही.

वर्धा मार्गावर मोठी हॉटेले आहेत. मेट्रो स्थानकाला लागून असलेले हॉटेल मिळाले तर हा भागही चांगला. तेथून लांब असेल तर प्रत्येक वेळी वाहन करावे लागते.

नागपूर मेट्रोची प्रवासी सेवा मार्च २०१९ मध्ये सुरू झाली आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी पहिल्या टप्प्याचे उर्वरित भागही खुले झाले. एक मार्गिका खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि दुसरी प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर अशी आहे. स्थानकांवर उद्वाहने असल्याने वृद्धांना ती सोयीची पडते. रात्री उशिरा मेट्रो नसते. शेवटच्या गाडीची वेळ पहिल्याच दिवशी पाहून ठेवावी.

'स्टेशनजवळ' म्हणजे कोठे?

नागपूर रेल्वेस्थानकाला दोन बाजू आहेत : पश्चिमेची मुख्य बाजू आणि पूर्वेची संत्रा मार्केटची बाजू. हॉटेल एका बाजूस आणि आपण दुसऱ्या बाजूस उतरलो, तर सामानासह पूल ओलांडावा लागतो किंवा रिक्षाने वळसा घालावा लागतो. शिवाय काही गाड्या अजनी स्थानकावरून सुटतात. पुण्याची वंदे भारत ऑगस्ट २०२५ पासून तेथूनच निघते. पुढे रेल्वेने जाणाऱ्यांनी तिकिटावरील स्थानकाचे नाव पाहून मगच 'स्टेशनजवळचे' हॉटेल ठरवावे.

कोणत्या तारखा टाळाव्यात?

चांगले ठिकाण चुकीच्या तारखेला गैरसोयीचे होते. १९५३ च्या नागपूर करारानुसार राज्य विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात होते. ते साधारणतः डिसेंबरात असते. त्या काळात मध्यवर्ती भागातील खोल्या आधीच भरतात, दर चढतात आणि मोर्चांमुळे रस्ते वळविले जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली. त्या स्मरणार्थ विजयादशमीच्या सुमारास तेथे लाखो अनुयायी येतात. त्या सोहळ्यासाठीच जाणाऱ्यांनी फार आधी व्यवस्था करावी. इतरांनी तारीख पुढे-मागे करावी. जामठा येथील क्रिकेट सामन्याच्या दिवशी वर्धा मार्गावर वाहनांची कोंडी होते. सोमवारी मध्यवर्ती संग्रहालय बंद असते, हेही मुलांना आश्वासन देण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

फोनवर विचारावयाचे प्रश्न

संकेतस्थळावरील छायाचित्रे पाहून पैसे भरण्यापूर्वी हॉटेलच्या स्वागतकक्षाशी स्वतः बोलावे आणि पुढील गोष्टी विचाराव्यात :

१. सर्वांत जवळचे मेट्रो स्थानक वा बसथांबा कोणता आणि तेथून चालत किती वेळ लागतो?
२. रात्री अकरानंतर पोहोचल्यास दार उघडे असते काय? रस्त्यावर दिवे असतात काय?
३. लिफ्ट आहे काय, आणि वीज गेल्यास ती चालते काय?
४. खोली थेट गच्चीखाली आहे काय? उन्हाळ्यात अशी खोली रात्रीही तापलेली राहते. थंडाव्यासाठी कूलर आहे की वातानुकूलन?
५. दोन खोल्या एकाच मजल्यावर, शेजारी-शेजारी मिळतील काय?
६. दिवस दुपारी बारापासून मोजतात की आपण आल्यापासून चोवीस तास? खोली सोडल्यानंतर संध्याकाळपर्यंत सामान ठेवता येईल काय?
७. साधे जेवण आणि दूध जवळपास किती वाजेपर्यंत मिळते?

उत्तरे ऐकल्यावर हॉटेलचे नाव नकाशात घालून चालण्याचे अंतर स्वतः तपासावे. इतर प्रवाशांचे अभिप्राय वाचताना गुणांच्या सरासरीपेक्षा गेल्या काही महिन्यांत सहकुटुंब राहिलेल्यांनी काय लिहिले आहे, ते पाहावे.

सावधगिरी

हॉटेलांच्या नावाने बनावट संकेतस्थळे आणि दूरध्वनी क्रमांक पसरविले जातात. व्यक्तीच्या खासगी खात्यावर पूर्ण रक्कम आगाऊ मागितली तर थांबावे. फसवणूक झालीच तर विनाविलंब १९३० या सायबर साहाय्य क्रमांकावर कळवावे. ओळखीचा पुरावा प्रत्येक प्रौढ व्यक्तीने बरोबर ठेवावा. आधारची प्रत देताना पहिले आठ अंक झाकलेली प्रत चालते काय, हे विचारावे. हॉटेलचे नाव, पत्ता आणि फोन क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून ती आजी-आजोबांच्या आणि मुलांच्या खिशात ठेवावी. गर्दीत चुकामूक झाली तर ही चिठ्ठी उपयोगी पडते. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक सर्वांना पाठ असावा.

वाचकहो, खोलीतील पडदे आणि भिंतींचा रंग घरी परतल्यावर कोणाच्या लक्षात राहत नाही. आजींनी नातवंडांबरोबर बागेत हत्तीचे चित्र पाहिले, की त्या दिवसभर खिडकीत बसून होत्या, हे मात्र वर्षानुवर्षे आठवते. तेव्हा आगामी सहलीचा बेत ठरविताना आधी ठिकाणांचा कागद करावा, घरातील सर्वांत हळू चालणाऱ्या व्यक्तीला तो दाखवावा आणि तिच्या होकारानंतरच खोली नोंदवावी.