शनीची चित्रे कोणाची?

ज्या ग्रहाचे नाव निघताच आपल्याकडे साडेसातीची आठवण व्हावी, त्या शनीवर जीव जडवून बसलेली माणसे जगात पुष्कळ आहेत. त्यांतील बहुतेकांचा खगोलशास्त्राशी पोटापाण्याचा संबंध कधीच नव्हता. तरीही शनीच्या वलयांचा आणि उपग्रहांचा इतिहास त्यांना वगळून सांगता यावयाचा नाही.

या इतिहासाचा आरंभ मात्र लपवाछपवीने झाला. १६१० साली गॅलिलिओला दुर्बिणीतून शनीच्या दोन्ही अंगांस एकेक लहान गोल चिकटलेला दिसला. शोध आपल्या नावावर राहावा, पण इतक्यात दुसऱ्यास कळू नये, म्हणून त्याने तो एका लॅटिन वाक्यात लिहिला आणि त्यातील अक्षरांची सरमिसळ करून ती पाठवून दिली. केप्लरने ते कोडे सोडविण्याची खटपट केली व मंगळाला दोन चंद्र आहेत, असा भलताच अर्थ काढला. (मौज अशी की, मंगळाला खरोखरच दोन चंद्र निघाले, पण ते १८७७ साली!) पुढे हॉलंडच्या हायगेन्सने १६५५ साली टायटन हा उपग्रह शोधला, आणि गॅलिलिओला दिसले ते गोल नसून ग्रहास कोठेही न टेकलेले एक पातळ वलय आहे, हे ताडले. त्यानेही हा शोध १६५६ साली अक्षरांच्या कोड्यातच छापला व तीन वर्षांनी त्याची उकल केली. आपण पाहिले ते जगास दाखविले तर श्रेय दुसराच घेऊन जाईल, ही धास्ती अशा थोरांनाही सुटली नव्हती.

हौशी मंडळींना ही धास्ती कमी असे, कारण त्यांची भाकरी शोधावर अवलंबून नव्हती. १८४८ साली हायपेरियन हा उपग्रह ज्यांनी पाहिला, त्यांत लिव्हरपूलचा लॅसेल होता. त्याचा धंदा मद्य गाळण्याचा. १९३३ च्या ऑगस्टच्या ३ तारखेस शनीवर एक मोठा पांढरा डाग उमटला, तो दिसला लंडनच्या विल हे या विनोदी नटास! रंगभूमीवर व चित्रपटांत लोकांना हसविणारा हा गृहस्थ रात्री आपल्या सहा इंची दुर्बिणीशी अत्यंत गंभीर असे.

व्हॉयेजर याने शनीजवळून गेली, पहिले १९८० च्या नोव्हेंबरात आणि दुसरे १९८१ च्या ऑगस्टमध्ये, तेव्हा हौशी निरीक्षकाची दुर्बीण एकाएकी खुजी ठरली. ज्या उपग्रहांना त्याने आयुष्यभर ठिपके म्हणून ओळखले, त्यांच्यावर आता विवरे दिसू लागली. पण ती चित्रे त्याच्या हाती येत ती वृत्तपत्रांनी निवडलेली, चार-दोन.

हा पडदा कॅसिनी यानाने दूर केला. १९९७ साली निघालेले हे यान २००४ च्या १ जुलैस शनीभोवती फिरू लागले आणि १३ वर्षे फिरत राहिले. त्याने घेतलेल्या साडेचार लाखांहून अधिक चित्रांपैकी बहुतेक चित्रे, पृथ्वीवर पोहोचताच, कच्च्या स्वरूपात इंटरनेटवर सर्वांसाठी खुली झाली. ज्या शास्त्रज्ञांनी तो कॅमेरा घडविण्यात वर्षे घालविली, त्यांच्या आधी एखाद्या परक्याने काही शोधून काढले तर? हायगेन्सचीच धास्ती ही. तिच्यावर तोडगा असा निघाला की, प्रथम द्यावयाचे चित्र दाबून लहान केलेले असावे व मोजमापास योग्य अशी मूळ सामग्री काही महिन्यांनी दप्तरखान्यात खुली व्हावी. हा तोडगा शहाणपणाचा होता.

त्याची पहिली मोठी कसोटी २००५ च्या जानेवारीत लागली. १४ तारखेस हायगेन्स हे उपयान टायटनवर उतरले. एका आज्ञेच्या चुकीमुळे त्याच्या दोन संदेशमार्गांपैकी एक बंद राहिला आणि जवळजवळ निम्मी चित्रे कायमची गेली. उरलेली सुमारे साडेतीनशे चित्रे अॅरिझोना विद्यापीठाने जशीच्या तशी खुली करताच निरनिराळ्या देशांतील हौशी मंडळी रात्रभर जागली. फाटलेल्या पत्राचे कपटे जुळवावे तसे त्यांनी ते तुकडे जुळविले, आणि अधिकृत चित्रांची वाट न पाहता टायटनच्या ओहोळांची व किनाऱ्यासारख्या रेषांची सलग दृश्ये जगापुढे ठेवली.

हे काम वाटते तितके सोपे नव्हे. कॅसिनीचा कॅमेरा रंगीत चित्र घेतच नसे. तांबड्या, हिरव्या व निळ्या काचेतून एकामागून एक अशी तीन काळी-पांढरी चित्रे तो घेई; ती एकावर एक बसविली म्हणजे रंग उमटत. तेवढ्या अवधीत यान पुढे सरके, उपग्रहही सरके. उपग्रह जुळवावा तर मागची वलये विस्कटत. वलये जुळवावीत तर उपग्रहाला रंगीत किनारी फुटे. शिवाय विश्वकिरणांचे आघात चित्रावर पांढरे ठिपके उठवीत, आणि नवशिक्यास त्यांत नवा उपग्रह दिसण्याचा मोह होई. त्यावर औषध एकच: लगेच घेतलेल्या दुसऱ्या चित्रात तोच ठिपका आहे की नाही, ते पाहावयाचे. रंग भडक करून वाहवा मिळविणारेही या मंडळींत होतेच. पण कोणता रंग नैसर्गिक व कोणता चढविलेला, हे चित्राखाली प्रामाणिकपणे लिहिणाऱ्यांचाच मान टिकला.

२०१० च्या ५ डिसेंबरास शनीवर प्रचंड वादळ उठले. त्यातील विजांचा कडकडाट कॅसिनीच्या रेडिओ यंत्राने टिपला. पण यानाच्या कॅमेऱ्यास इतर कामे होती, त्याला रोज तिकडे पाहणे शक्य नव्हते. ते पाहिले अंगणांतील व गच्च्यांवरील दुर्बिणींनी. वादळाचे मुख कोठे सरकले, शेपूट किती लांबले, याची चित्रे हौशी निरीक्षकांनी पुरविली. २०११ च्या जुलैत 'नेचर' या नियतकालिकात या वादळावरील निबंध आला, तेव्हा त्याच्या लेखकांत ऑस्ट्रेलिया, फिलिपाईन्स व फ्रान्स येथील तीन हौशी निरीक्षकांची नावे कॅसिनीच्या चित्रविभागाच्या प्रमुख कॅरोलिन पॉर्को यांच्या नावाबरोबर छापलेली होती.

२०१७ च्या १५ सप्टेंबरास कॅसिनी शनीच्या वातावरणात शिरून नष्ट झाले. त्याची चित्रे मात्र दप्तरखान्यात खुली आहेत, आणि त्यांच्याच शेजारी व्हॉयेजरची ती जुनी चित्रेही. पूर्वी ज्यांतली चार-दोनच लोकांच्या वाट्यास आली होती.