स्टॅटिक लायब्ररी : कागदी फितीपासून मोबाइल ॲपपर्यंत

प्रस्तावना

मोबाइल ॲपच्या प्रकल्पात स्टॅटिक लायब्ररी जोडणे म्हणजे दुसऱ्याने आधीच कंपाइल करून ठेवलेला कोड आपल्या ॲपमध्ये उतरवून घेणे. ॲप बांधले जात असताना लिंकर लायब्ररीतील हवे तेवढेच भाग निवडतो आणि त्यांची प्रत ॲपमध्ये मिसळतो. पुढे मूळ लायब्ररी सुधारली, तरी ॲपमधील प्रत जुनीच राहते. या पद्धतीची सोय आणि जोखीम दोन्ही या एकाच गोष्टीतून निर्माण होतात. तिचा इतिहास हेच सांगतो.

फितींचे कपाट

केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्ये चालू झाला. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्गमूळ, त्रिकोणमिती, छपाई अशा नेहमीच्या कामांसाठी सबरूटीन लिहून ठेवली. १९५१ पर्यंत अशी ८७ सबरूटीन जमली होती. ती छिद्रे पाडलेल्या कागदी फितींवर असत. हवी ती फीत काढायची आणि यंत्राने तिची नक्कल आपल्या प्रोग्रामच्या फितीवर उतरवायची, अशी रीत होती. आजचा लिंकर तत्त्वतः हेच करतो.

१९७१ च्या युनिक्समध्ये 'एआर' ही आज्ञा होती. अनेक ऑब्जेक्ट फाइली एका संग्रहात बांधणे हे तिचे काम. स्टॅटिक लायब्ररीच्या फाइलनावाअखेरचे 'डॉट ए' याच 'आर्काइव्ह'चे आद्याक्षर आहे.

मोबाइलचा काळ

मोठ्या संगणकांवर पुढे डायनॅमिक लायब्ररी रूढ झाली. तिची एकच प्रत अनेक प्रोग्राम वापरतात. आयफोनचे ॲप स्टोअर मात्र २००८ मध्ये सुरू झाले, तेव्हा बाहेरच्या विकसकांना स्वतःची डायनॅमिक लायब्ररी ॲपमध्ये ठेवता येत नसे. ही मुभा २०१४ च्या आयओएस ८ पासून मिळाली. तोवर 'डॉट ए' फाइल आणि तिच्या हेडर फाइली प्रकल्पात घालणे हाच तयार कंपाइल केलेला कोड वापरण्याचा मार्ग होता.

याची किंमत लवकरच दिसली. फेब्रुवारी २०१५ पासून ॲपलने नव्या ॲपांना ६४-बिट आधार सक्तीचा केला. जुन्या लायब्ररीत ६४-बिट कोड नसेल, तर लिंकर तिथेच थांबे. मूळ कोड हाती असणारे ती पुन्हा बांधू शकत. केवळ 'डॉट ए' फाइल असणाऱ्यांना लायब्ररीच्या निर्मात्याची वाट पाहावी लागे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील 'हार्टब्लीड' हा दोष उघड झाला, तेव्हाही हाच प्रश्न आला. ज्या ॲपमध्ये सदोष प्रत मिसळलेली होती, ते नव्याने बांधून पाठवल्याशिवाय सुरक्षित होत नव्हते.

देवनागरीचे उदाहरण

रायपूरसारख्या शहरात हिंदी, छत्तीसगढी आणि मराठी या तिन्ही भाषा देवनागरीत वाचल्या जातात. कोणत्या अक्षरांचा मिळून कोणता आकार होईल, हे हार्फबझसारखी लायब्ररी फाँटमधील नियमांनुसार ठरवते. अँड्रॉइडमध्ये ती मुळातच आहे. पण मजकूर स्वतः रेखाटणाऱ्या खेळांच्या ॲपमध्ये ती वेगळी जोडावी लागते.

समजा, रायपूरच्या एखाद्या विद्यार्थ्याने असे ॲप फक्त हिंदी मजकुरावर तपासले. हिंदीला 'दर्या'तला रफार पुरतो. मराठीला 'दऱ्या'तला आडवा अर्धा र वेगळा लागतो. जोडलेली प्रत किंवा फाँट त्यात कमी पडला, तर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होईल. फोनची प्रणाली अद्ययावत केल्याने ही चूक सुधारणार नाही, कारण ती प्रत ॲपच्या आत आहे.

सारांश

स्टॅटिक लायब्ररीमुळे ॲप स्वयंपूर्ण होते आणि फोनवर कोणती आवृत्ती आहे याची चिंता उरत नाही. मात्र त्या क्षणापासून उसन्या कोडची देखभाल ॲपकर्त्याकडे येते. म्हणून लायब्ररी जोडताना तिची आवृत्ती, तिचा परवाना आणि मूळ कोड कोठे मिळतो, या तीन गोष्टी प्रकल्पात नोंदवून ठेवाव्यात.