फुलांच्या अवयवांची परिभाषा आणि सीमाभाग

बिदर व कलबुर्गी हे जिल्हे निजामी राजवटीत असताना उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठासाठी हैदराबादच्या भाषांतर विभागाने शास्त्रीय संज्ञा उर्दूत घडविल्या. मराठी वा कन्नड घरातील विद्यार्थ्याला शेतातील तुरीचे फूल ओळखीचे, परंतु त्याच्या अवयवांची ग्रांथिक नावे परकी, अशी ही स्थिती होती.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत या जिल्ह्यांचा मोठा भाग म्हैसूर राज्यात गेला. मराठी परिभाषेचे कार्य शासकीय स्तरावर १९६० नंतर महाराष्ट्रात वाढले. १९७३ साली मराठी विश्वकोशाचा परिभाषासंग्रह निघाला. तरीही एकवाक्यता झाली नाही. फुलाच्या बाहेरील हिरव्या मंडलास विश्वकोश 'संवर्त' म्हणतो, तर शालेय पुस्तके 'निदलपुंज'. विश्वकोशातील 'किंजल्क' शालेय पुस्तकांत 'कुक्षी' होतो.

संज्ञेला व्याख्येची जोड नसेल तर घोटाळा अटळ असतो. बाजारातील केशर म्हणजे वस्तुतः कुक्षीचे वाळविलेले तंतू. परिभाषेत मात्र 'केसर' हा परागकण निर्माण करणारा नर-अवयव. तुरीच्या फुलात असे दहा केसर असून त्यांतील नऊ जुळलेले व एक सुटा असतो.

'केसर' आणि 'पराग' हे शब्द कन्नडमध्येही याच अर्थाने रूढ आहेत. दोन्ही भाषांना समान असलेली संज्ञा प्रथम स्वीकारावी व एका अवयवास एकच नाव ठेवावे, एवढा विवेक पाळला गेला, तर या भूमीतील विद्यार्थ्याला आपल्याच शेतातील फूल पुन्हा परक्या शब्दांत शिकावे लागणार नाही.