सुकियाकी

सुकियाकी : ‘उए ओ मुइते आरुको’ या १९६१ मधील जपानी गीताला पाश्चात्त्य देशांत मिळालेले नाव. गीतकार रोकुसुके एई, संगीतकार हाचिदाई नाकामुरा, गायक क्यू साकामोतो (१९४१–८५). तिघांच्या नावांत जपानीतले सहा, आठ आणि नऊ हे आकडे येतात. म्हणून जपानमध्ये हे त्रिकूट ‘सहा-आठ-नऊ’ या गमतीदार नावाने ओळखले जाई.

मूळ शीर्षकाचा अर्थ ‘वर पाहत चालू या’. डोळ्यांतले पाणी ओघळू नये म्हणून मान वर करून रात्री एकटाच चालणारा माणूस, एवढाच गीताचा विषय. अमेरिका-जपान सुरक्षा कराराविरुद्ध १९६० साली झालेली निदर्शने निष्फळ ठरली, त्या खिन्नतेतून एईंना हे शब्द सुचले. गीतात मात्र ना कराराचा उल्लेख, ना दुःखाच्या कारणाचा. पुढे ज्याने त्याने आपले दुःख त्यात ओतले, ते या मोकळ्या जागेमुळेच.

मुखड्याची चाल बहुतांशी मध्यम व निषाद वगळलेल्या पाच सुरांत, म्हणजे आपल्या भूपाच्या सुरावटीत, फिरते. साथ मात्र जाझच्या वळणाची. एल्विस प्रेस्लीच्या ढंगाने अक्षरे तोडून, उचकी लागल्यासारखे गाण्याची साकामोतोची लकब एईंना सुरुवातीला खटकली होती. आज ती लकब आणि त्याची शीळ वगळून या गाण्याची कल्पनाही करवत नाही.

‘पाय’ या ब्रिटिश ध्वनिमुद्रिका कंपनीचे लुई बेंजामिन यांनी जपानमध्ये ही चाल ऐकली आणि केनी बॉलच्या जाझ वाद्यवृंदाकडून ती वाजवून घेतली. जपानी शीर्षक ब्रिटिशांच्या जिभेवर बसणार नाही म्हणून त्यांनी ‘सुकियाकी’ हे नाव दिले. सुकियाकी म्हणजे गोमांसाचे पातळ काप आणि भाज्या गोडसर सोया-रश्शात शिजवून केलेला पदार्थ. गाण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. एखाद्या हळव्या भावगीताला ‘झुणका-भाकर’ म्हणावे, तसेच हे. केनी बॉलची तबकडी १९६३ च्या आरंभी ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत आली.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील पास्को येथल्या एका रेडिओ निवेदकाने मूळ जपानी तबकडी वाजवायला सुरुवात केली. श्रोत्यांची मागणी वाढली, तेव्हा ‘कॅपिटॉल’ने ती त्याच ‘सुकियाकी’ नावाने बाजारात आणली. १५ जून १९६३ रोजी ती ‘बिलबोर्ड’च्या यादीत पहिली आली आणि तीन आठवडे तिथे राहिली. त्याच वर्षी इंडोनेशियात जन्मलेल्या ‘ब्लू डायमंड्स’ या डच गायकबंधूंनी ते जर्मनमध्ये गायले.

नंतरच्या आवृत्त्यांतली सर्वांत वजनदार ‘अ टेस्ट ऑफ हनी’ या कृष्णवर्णीय अमेरिकी गायिकांच्या जोडीची (१९८१, तिसरा क्रमांक). जॅनिस मेरी जॉन्सन यांचे इंग्रजी शब्द अनुवाद नव्हेत. त्यांनी गाण्याला प्रेमभंगाची कहाणी दिली. त्यामुळे पुढच्या पिढीच्या लेखी ‘सुकियाकी’ विरहगीतच ठरले. स्लिक रिकने १९८५ मध्ये त्यांतल्या ओळी रॅपमध्ये घेतल्या, सेलेनाने १९८९ च्या आपल्या संग्रहात ते स्पॅनिशमध्ये गायले आणि ‘४ पी. एम.’ या चौकडीचे गायन १९९५ मध्ये आठव्या क्रमांकावर पोहोचले. चौकडीचे गायन गोड आहे. पण मूळ गाण्यातला एकटा चालणारा माणूस त्यात सापडत नाही.

१२ ऑगस्ट १९८५ रोजी टोकियोहून ओसाकाला निघालेले जपान एअरलाइन्सचे विमान गुन्मा प्रांतातील डोंगरांत कोसळले. मृत्युमुखी पडलेल्या ५२० जणांत साकामोतो होते. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानी कलावंतांनी दूरचित्रवाणीवरील जाहिरातमालिकेत हे गीत आळीपाळीने गायले. त्याच वर्षीच्या ‘घिबली’ स्टुडिओच्या ‘फ्रॉम अप ऑन पॉपी हिल’ या चित्रपटात साकामोतोंचा मूळ आवाज पुन्हा ऐकू आला. जपानी भाषेतील दुसरे कोणतेही गीत ‘बिलबोर्ड’च्या त्या यादीत पहिल्या क्रमांकावर आलेले नाही.