तळटीप : ‘संगम’मधील युरोप

ग्रंथकारास येथे अभिप्रेत असलेले ‘परदेशी देखावे’ म्हणजे ‘संगम’ (1964) चित्रपटातील व्हेनिस, पॅरिस व स्वित्झर्लंड येथील प्रत्यक्ष चित्रीकरण होय. ज्या राज कपूर यांनी चेंबूरच्या आर. के. स्टुडिओत, ‘आवारा’तील (1951) स्वप्नदृश्यासाठी, कलादिग्दर्शक एम. आर. आचरेकर यांच्याकडून स्वर्ग आणि नरक उभे करविले, त्यांनीच पुढे ‘संगम’मधील सुंदर-राधेच्या मधुचंद्राकरिता आपला सारा सरंजाम समुद्रापार नेला. पुढील ‘लव्ह इन टोकियो’ (1966) व ‘अ‍ॅन इव्हनिंग इन पॅरिस’ (1967) या चित्रपटांत तर नगराचे नाव शीर्षकातच आले. तथापि आचरेकरांच्या त्या कल्पित सृष्टीची भव्यता, प्रस्तुत संपादकाच्या मते, या साऱ्या खऱ्याखुऱ्या नगरांहून अधिक चित्तवेधक आहे.