खिलाफत चळवळ : न्यायाचा विचार आणि नागपूर

सक्करदऱ्याजवळचा ताजबाग हा ताजुद्दीन बाबांच्या (१८६१-१९२५) दर्ग्यामुळे सर्वदूर परिचित आहे. नागपुरातील इस्लामी परंपरेची ही सुफी, भक्तिपर बाजू होय. बाबांच्या हयातीतच, डिसेंबर १९२० मध्ये, या शहराने त्याच परंपरेचे राजकीय रूपही पाहिले.

पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानचा पराभव झाला आणि ऑगस्ट १९२० च्या सेव्हर्स तहाने उस्मानी साम्राज्याची वाटणी ठरली. तुर्की सुलतान हाच खलिफा असल्याने भारतीय मुसलमानांत प्रक्षोभ उसळला. मुंबईत १९१९ मध्ये उभी राहिलेली खिलाफत समिती व अली बंधू यांनी त्याला संघटित रूप दिले. महात्मा गांधींनी या प्रश्नाला पंजाबातील अत्याचार व स्वराज्य यांची जोड दिली. सी. विजयराघवाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने असहकारावर शिक्कामोर्तब केले. बॅ. जिनांचा विरोध तेथे एकाकी ठरला.

चळवळीला वैचारिक बळ देणाऱ्यांत मौलाना अबुल कलाम आझाद अग्रणी होते. स्वतःच्या किंवा आप्तांच्या विरोधात जावे लागले तरी न्यायाच्या बाजूने उभे राहावे, ही कुराणाची आज्ञा आहे. जुलमी सत्ताधीशापुढे सत्य बोलणे हा श्रेष्ठ जिहाद होय, अशी हदीस आहे. १९२२ मध्ये कलकत्त्याच्या न्यायालयात आझादांनी ‘कौल-ए-फैसल’ हे निवेदन सादर केले. त्यात त्यांनी राजद्रोहाचा आरोप नाकारला नाही. जुलमी राजवट मुसलमानाची असली तरी तिला विरोध करणे हे धर्मकर्तव्य ठरते, अशी त्यांची भूमिका होती. त्यांना एक वर्षाची शिक्षा झाली.

चळवळीतील विसंगती मात्र लपली नाही. ब्रिटिश साम्राज्याशी झुंजताना ती दुसऱ्या साम्राज्याची पाठराखण करीत होती. त्याच उस्मानी सत्तेविरुद्ध १९१६ मध्ये अरबांनी बंड केले होते. अखेर ३ मार्च १९२४ रोजी खुद्द तुर्कांच्या संसदेनेच खिलाफत रद्द केली आणि चळवळीचा आधार नाहीसा झाला.

सिंहासनाशी जोडलेला विचार असा कोसळला. न्यायाशी जोडलेला टिकला. आझाद १९४२ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून ‘भारत छोडो’ आंदोलनात उतरले आणि अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान झाले. पुढे मुंबईतील विचारवंत असगर अली इंजिनिअर (१९३९-२०१३) यांनी याच न्यायतत्त्वाच्या आधारे स्त्रियांवरील अन्याय, धर्मगुरूंची मक्तेदारी व जातीय हिंसा यांना विरोध केला. परकीय सत्तेला लावलेली कसोटी त्यांनी स्वसमाजालाही लावली.